राणबाचं पान

बिशप होणाऱ्या माणसाला सकाळी उठून घरातल्या थोरल्या बाईला सलाम करायला वेळ नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. शांतवन माझा धाकटा दीर. सासूबाई गेल्या तेव्हा तो सहा वर्षांचा आणि मी पंधराची; शेंबडासकट माझ्या पदरात आला. त्याच्या डोक्यातल्या उवा मी मारल्या, गोवर निघाला तेव्हा कडुनिंबाचा पाला घेऊन उशाशी मी बसले. आणि त्याच्या दीक्षेच्या दिवशी मी बंगल्याच्या मागल्या खोलीत सहा वाजल्यापासून पातळ नेसून तयार, तर हा पुढच्या दाराने तीनदा आत आला, तीनदा बाहेर गेला. मागल्या खोलीकडे म्हणून फिरकला नाही. एकवीस वर्षं झाली या गोष्टीला, अजून दात खाते मी.

आली ती त्याची बायको, मृणालिनी. हातात कोरी साडी.

"वहिनी, ही नेसा. प्युअर सिल्क आहे."

"नेसलेय ते काय गोणपाट आहे?"

"तसं नाही हो. पहिल्या ओळीत बसायचंय तुम्हाला. फोटो निघणार."

"फोटोत माझं तोंडही येणार. त्याच्यावर काय नेसवतेस?"

ती हसली नाही. हसत नसेच. पुण्याच्या लिमये डॉक्टरांची मुलगी ती, बी.ए. झालेली. तीन पिढ्यांमागे लिमये चित्पावन ब्राह्मण होते, मग ख्रिस्ती झाले. बाप्तिस्म्याच्या पाण्यात त्यांचं बाकी सगळं धुतलं गेलं, चित्पावनपण तेवढं कोरडं राहिलं.

"आणि वहिनी, पेपरवाले आलेत. कुणी घरचं-दारचं काही विचारलं, तर 'स्मरणिकेत सगळं आहे' एवढंच म्हणायचं. ह्यांनी सांगितलंय."

"ह्यांना पाय नाहीत? स्वतः येऊन का नाही सांगितलं?"

"त्यांचं मौन आहे. दीक्षेआधी ते कुणाशी बोलत नाहीत."

पाचच मिनिटांपूर्वी हा मौनीबाबा अंगणात मांडववाल्याला झाडत होता, ते मी या कानांनी ऐकलं होतं. मी विचारलं, "स्मरणिका कुठाय?" ती म्हणाली, "कार्यक्रम झाल्यावर वाटणार." मी साडी खुर्चीवर ठेवली आणि माझ्याच पातळाचा पदर डोक्यावर घेऊन बाहेर पडले. मांडवात स्मरणिका केव्हाच वाटून झाली होती.

आमची मंडळी जुन्या अँग्लिकन मिशनची. शहरातलं मोठं देऊळ (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) गोऱ्यांनी बांधलेलं, दगडी, उंच. पण आत शिरायला पास होता. गावोगावचे लोक आले त्यांना बाहेर मांडवात सतरंज्या आणि कर्णे. आमच्या निमगावचे चाळीस जण ट्रकमधून आले होते. त्यांच्या मधोमध लाजरसबाबा बसलेला. माझा चुलत सासरा. ऐंशी कधीच ओलांडलेली, डोळे गेलेले निम्मे, कान मात्र कुत्र्यासारखे तिखट. माझ्या पायरवावरून ओळखलं त्याने.

"ये सूनबाई. ही बघ, चोपडी गावली. फुकाट."

"सलाम बाबा. जेवलात का काही?"

"जेवण ऱ्हाऊ दे. यात आमच्या राणबाचं पान हाय म्हनं. ती पोरं म्हनली, बिशपसायबाच्या बापाचं पान हाय. वाच की. ही समदी अडाणी बसल्यात माझ्यासारखी."

राणबा म्हणजे माझे सासरे, शांतवनचे वडील. गावचे येसकर. वेस राखायची, सांगावे न्यायचे, आणि कुणाचं ढोर मेलं की ओढून नेऊन टाकायचं, हे आमच्या घराचं पिढ्यांचं काम. बाप्तिस्मा झाला त्याच्या तिसऱ्या महिन्यात पाटलाचा बैल मेला. राणबा म्हणाले, आता ओढणार नाही. पाटलाच्या माणसांनी वेशीतच धरलं, निपचित पडेपर्यंत झोडपलं आणि उजवा हात लाकडाने मोडला. तेव्हा लाजरस सोळा वर्षांचा. त्याने थोरल्या भावाला पाठीवर घेतलं आणि मिशनच्या दवाखान्यापर्यंत चार कोस चालला. हात जुळला तो वाकडाच जुळला. मरेपर्यंत राणबा दर रविवारी त्या वाकड्या हातात शास्त्र, म्हणजे बायबल, धरून पुढे बसायचे. अक्षर एक येत नव्हतं. बऱ्याच वेळा पुस्तक उलटं असायचं. पण निमगावात देऊळ उभं राहिलं ते त्यांच्या झोपडीत.

माझी शाळा दुसरीत सुटली. वाचायला मला नवऱ्याने शिकवलं. ते गावोगाव हिंडणारे धर्मशिक्षक होते; दीक्षेचा दिवस बघायला राहिले नाहीत. शास्त्रावर माझं बोट धरून ठेवायचे आणि चुकलं की बोटालाच चिमटा काढायचे. तर मी पान काढलं आणि बोट ठेवलं.

वर जाड अक्षरात 'कै. राणोजीराव निमगावकर'. मला वाटलं, असेल, मोठ्या माणसाच्या बापाला राव लावत असतील. पुढे वाचलं. 'मूळच्या कुलकर्णी घराण्यात जन्म. संस्कृत ग्रंथांचे व्यासंगी. वतनावर पाणी सोडून त्यांनी सत्याचा शोध घेतला.' बोट थांबलं माझं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तेच होतं. आणि खाली: 'धर्मांतरामुळे खवळलेल्या सनातनी भाऊबंदांनी केलेल्या मारहाणीत त्यांचा उजवा हात कायमचा अधू झाला.'

हातसुद्धा! माझ्या सासऱ्याचा मोडका हात या लोकांनी उचलून कुठल्याशा कुलकर्ण्याला लावून दिला होता.

"का गं, गप का? नाही व्हय त्याचं?" लाजरसबाबाने विचारलं.

बायका सरकून जवळ आल्या होत्या. त्याने मान वर केली होती, कान माझ्याकडे. मी बोट पुन्हा पहिल्या ओळीवर ठेवलं.

"आहे की. ऐका. 'राणबा हे निमगावचे येसकर.'"

"हां!"

"'प्रभूचं नाव घेतल्यावर त्यांनी मेलेलं ढोर ओढायचं नाकारलं. पाटलाच्या माणसांनी त्यांचा हात मोडला.'"

"मोडला. वेशीत मोडला. वेशीतलं लिवलंय का?"

"'वेशीत,'" मी म्हणाले.

"माझं काय हाय का त्यात?" हे त्याने इतक्या हळू विचारलं की मला वाकावं लागलं.

"'त्यांचे चुलतभाऊ लाजरस यांनी त्यांना पाठीवर घेऊन चार कोस वाट चालून दवाखान्यात पोचवलं. त्यांनी तसं केलं नसतं तर राणबा वाचले नसते.'"

म्हाताऱ्याने टोपी काढली, परत घातली. मग म्हणाला, "कुठं हाय माझं नाव? बोट लाव."

मी त्याचं बोट धरलं आणि पानावर टेकवलं. जिथे टेकवलं तिथे 'कुलकर्णी' छापलं होतं.

तिथून जी उठले ती थेट देवळाच्या बाजूच्या खोलीकडे, जिथे पाळक लोक झगे घालतात. दाराशी एक कोवळा पाळक उभा.

"आजी, आत जाता येणार नाही."

"त्याला आंघोळ घालायची होती तेव्हाही मीच आत जात होते. सरक."

सरकला. शांतवन आरशापुढे पांढऱ्या झग्यात उभा होता, बाह्यांच्या चुण्या नीट करत. एकटाच होता.

"वहिनी! आत्ता?"

"सुटलं वाटतं मौन." मी पान त्याच्या नाकासमोर धरलं. "हा कोण?"

त्याने पाहिलं, आणि पहिलं काय केलं तर दार लावून घेतलं.

"हळू बोला. पलीकडच्या खोलीत मॉडरेटर आहेत."

"साऱ्या देशातल्या बिशपांचे मुख्य ते. त्यांनाही कळू दे. संस्कृतचा व्यासंगी कोण रे? तुझा बाप पुस्तक उलटं धरायचा."

"समितीने लिहिलंय ते."

"समितीला कुणी सांगितलं?"

"मृणालिनीने. तिला जे माहीत आहे ते तिने सांगितलं."

"आणि छापायला जाण्याआधी तू वाचलं नाहीस?"

तो बाह्यांशी चाळा करत राहिला.

"वाचलं," तो म्हणाला. "वाचलं, वहिनी. मग काय करू? चोवीस वर्षं संसार झाला. तिच्या माहेरी हेच माहीत, माझ्या पोरांना हेच माहीत. निवडणुकीत शहरातल्या मंडळ्यांनी मला मत दिलं ते काय बघून दिलं, ते तुम्हाला सांगायला हवं का? आज उठून खोडून टाकू?"

"खोडू नकोस. मी खोडते. उपासनेत लोकांना विचारतात ना, हा माणूस योग्य आहे का म्हणून?"

"विचारतात."

"मी उभी राहून सांगते."

त्याने आरशात नव्हे, वळून माझ्याकडे बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदाच.

"सांगा. पण मग मधूनच सुरू करू नका. लिमये डॉक्टरांच्या दिवाणखान्यापासून सांगा. मी अठ्ठावीस वर्षांचा, मान खाली घालून बसलो होतो. डॉक्टरांनी विचारलं, 'निमगावकर हे गावावरून पडलेलं आडनाव. मूळचे कोण तुम्ही?' मी तोंड उघडायच्या आत कोण बोललं? 'कुलकर्णी हो आम्ही मूळचे, वतनदार.' कुणाचा आवाज होता तो, वहिनी?"

माझा होता.

मीच बोलले होते. त्या दिवाणखान्यात पियानो होता, भिंतीवर पागोटंवाल्या आजोबांची तसबीर होती, आणि लिमयेबाई माझ्या हातांकडे बघत होत्या. मुलगी शिकलेली, देखणी. माझ्या शांतूला ती मिळायला हवी होती. डॉक्टरांचा प्रश्न आला आणि मला खोटं बोलायला श्वाससुद्धा घ्यावा लागला नाही. तोंडातून गेलं ते इतकं सरळ गेलं की शेजारी बसलेला माझा नवरा, आयुष्यात खोटं न बोललेला माणूस, तोही चहाच्या बशीत बघत राहिला.

आणि लग्नाच्या सकाळी राणबा नवं धोतर नेसून दारात बसले होते. हात वाकडा, बोली येसकराची. तोंड उघडलं की सगळं उघडं पडलं असतं. मी म्हणाले, "मामंजी, तुम्हाला ताप आलाय." त्यांनी डाव्या हाताने कपाळ चाचपलं. "मला?" म्हणाले. मी म्हणाले, "तुम्हाला." त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. मग "बरं" म्हणाले, आत गेले आणि धोतरासकट गोधडी पांघरून पडले. पुण्याच्या लोकांना आम्ही तेच सांगितलं. म्हातारा पुढे नऊ वर्षं जगला, पण त्या दिवसाचं एक अक्षर त्याने काढलं नाही.

"बोला की," शांतवन म्हणाला. "आता का गप्प?"

बाहेर घंटा सुरू झाली. मी पान चोळामोळा केलं, मुठीत धरलं आणि निघाले.

पहिल्या ओळीत माझी खुर्ची होती. शेजारी मृणालिनी, पलीकडे तिचा भाऊ, तोही डॉक्टर. मिरवणूक आली: क्रूस, मेणबत्त्या, गायनमंडळ, पाळकांची रांग, मग सात बिशप, सगळ्यांत शेवटी मॉडरेटर. दोन बिशपांनी शांतवनला दोन्ही बाजूंनी धरून पुढे आणलं. निवडीचं पत्र वाचलं गेलं. मग मॉडरेटर हिंदीत बोलले आणि आमच्या एका पाळकाने मराठीत सांगितलं:

"बंधुभगिनींनो, ज्यांना तुमच्यासमोर उभं केलं आहे ते या कामाला योग्य आहेत असा तुमचा विश्वास आहे काय?"

शांतवनची पाठ माझ्याकडे होती. मानेवर घाम आलेला दिसत होता. त्याने ठरल्याप्रमाणे मंडळीकडे तोंड केलं आणि त्याची नजर सरळ माझ्यावर आली.

"ते योग्य आहेत, देवाला गौरव असो!" देऊळ दणाणलं. बाहेर मांडवातून लोकांचा आवाज थोडा मागून आला, आणि त्या सगळ्यांच्या मागून एक चिरका म्हातारा आवाज एकटाच: "योग्य हाय! योग्य हाय!"

मी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. भाजीवाल्यापासून पाटलापर्यंत कुणाला उलट उत्तर दिल्याशिवाय न राहिलेली मी, तिथे जीभ टाळूला चिकटल्यासारखी बसले. शांतवनचे खांदे खाली आले, मी बघितलं. मग तो गुडघ्यांवर बसला, सात बिशप भोवती गोळा झाले, सगळ्यांचे हात त्याच्या डोक्यावर, आणि तो दिसेनासा झाला. मृणालिनी रडत होती. मूठ उघडून बघितली तर शाई माझ्या तळव्याला लागली होती.

शास्त्र दिलं, अंगठी दिली, काठी दिली, प्रभुभोजन झालं. शेवटचं गाणं संपलं की आमच्यात नवा बिशप देवळाच्या मोठ्या दारात उभा राहतो, आणि लोक एकेक करून डोकं वाकवून त्याचा पहिला आशीर्वाद घेतात. पहिला मान घरातल्या थोरल्या माणसाचा. मृणालिनीने माझा दंड धरला आणि मला पुढे नेलं. दारात शांतवन: अंगावर सोनेरी झूल, डोक्यावर ती उंच टोकदार टोपी. एका अंगाला मॉडरेटर, दुसऱ्या अंगाला मेहुणा. पेपरवाल्याने कॅमेरा वर केलेला.

मी चार पावलांवर असेन, तोच पायऱ्यांवरून लाजरसबाबा वर आला. दोन पोरी त्याला आवरत होत्या, तो त्यांना जुमानत नव्हता. चाचपडत आला आणि शांतवनचे दोन्ही हात अंगठीसकट पकडले.

"शांतू! मर्दा, छापलंस रं! बापाचं छापलंस, आन् माझंबी नाव घातलंस! सूनबाईनं वाचलं. माझं बोट लावलं नावावर!"

शांतवनने माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं मी मांडवात काय केलं ते.

मॉडरेटरनी हसून विचारलं, "ये बुजुर्ग कौन हैं?"

मेहुणाही वळला. "हो, कोण हे, भावजी?"

 कॅमेऱ्याचा खटका वाजला. शांतवन हसला आणि मेहुण्याला म्हणाला, "हे लाजरस. आमच्या घरचे जुने गडी. वडिलांच्या वेळेपासूनचे."

म्हाताऱ्याचे कान तिखट होते, ते मी सांगितलंच. त्याने शांतवनचे हात सोडले. तोंड माझ्या बाजूला वळवलं. त्या निम्म्या डोळ्यांना माझं काय दिसलं असेल ते असो. मग दोन पावलं मागे सरला, कमरेत वाकला, हात जमिनीपर्यंत नेला.

"जोहार, मायबाप," तो म्हणाला.

गावच्या वरच्या लोकांना आमच्या लोकांनी घालायचा तो जोहार. राणबांनी बाप्तिस्म्याच्या दिवशी तो तोंडातून काढून टाकला आणि त्याच्या जागी सलाम आणला. मी सून होऊन आले तेव्हापासून निमगावच्या ख्रिस्ती माणसाच्या तोंडी तो शब्द ऐकला नव्हता. म्हातारा वाकला तो वाकूनच राहिला.

"वहिनी, चला," मृणालिनी कुजबुजली. "डोकं वाकवा."

शांतवनने माझ्यासाठी हात वर केला. मी लाजरसबाबाचा दंड धरून त्याला सरळ उभा केला आणि मग बोलले. हळू बोलायचं मला कधी जमलं नाही, त्या दिवशी जमवायचंही नव्हतं.

"हात खाली घे, शांतवन. हा गडी नाही, तुझा चुलता आहे. तुझ्या बापाला पाठीवर घेऊन चार कोस चालला तो हा. आणि तुझा बाप राणबा येसकर, मेलेलं ढोर ओढायला नाही म्हणाला म्हणून हात मोडून घेतला त्याने. ऐकताय ना लिमये? कुलकर्ण्याची थाप माझी. तुमच्या दिवाणखान्यात मी मारली, आणि लग्नाच्या दिवशी त्या म्हाताऱ्याला गोधडीखाली मीच निजवलं. त्याचा जाब मला द्यायचा आहे, मी देईन. पण शांतू, मी खोटं बोलले ते तुला बायको मिळावी म्हणून. तू आत्ता चुलत्याला गडी केलास, ते काय मिळायचं राहिलं होतं म्हणून? आत सगळ्यांनी तुला योग्य म्हटलं तेव्हा मी गप्प बसले. आता ऐक. तू योग्य नाहीस. मीही नाही. पण मी ती टोपी घालून दारात उभी नाही."